तीनशे वीस कप आणि चार बादल्या

तेवीस फेब्रुवारी, रविवार. सकाळचे पावणेसात. श्रीरामपूरजवळच्या बेलापुरातल्या माझ्या युनिटमध्ये मी आणि रुक्साना कपांना झाकणं लावत होतो. युनिट म्हणजे घरामागच्या दोन खोल्या, भिंतीला टाइल्स, एक मोठा फ्रीज, एक डीप फ्रीझर आणि ओट्यावर वजनकाटा. माणसं दोनच. मी आणि ती.

"ताई, तीनशे वीस झाले," रुक्साना म्हणाली. "वरचे चाळीस पण झाले. आता वर्षभर मला कोणी कप दाखवू नका. चहासुद्धा ताटलीत पिणार मी."

"आधी मोज परत."

"तीनदा मोजले."

"चौथ्यांदा मोज."

ऑर्डर होती नेवाशाजवळच्या एका मंगल कार्यालयातल्या साखरपुड्याची. दुपारचं जेवण, तीनशे माणसं. बाकी स्वयंपाक कार्यालयाच्या आचाऱ्याचा. गोड फक्त माझं. मुलीच्या आईने, लताताईंनी, श्रीरामपूरला कुणाच्या तरी वाढदिवसाला माझा चक्क्याचा कप खाल्ला होता. साखरपुड्याला हाच पाहिजे, म्हणून त्या अडून बसल्या.

हा कप काय आहे ते आधी सांगते, म्हणजे पुढचं समजेल. घरी कुणालाही जमतो. म्हशीच्या दुधाचं घट्ट दही रात्रभर मलमलच्या कापडात टांगायचं. पाणी निथळून जे उरतं तो चक्का. तो पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढायचा, म्हणजे गाठ राहत नाही. त्यात पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि गार साय फेटून घालायची. साय फेटली की तिच्यात हवा भरते, ती फुलते. त्यामुळे हे मिश्रण श्रीखंडापेक्षा हलकं लागतं, जिभेवर टिकत नाही. कपाच्या तळाला नानकटाईचा चुरा, मध्ये हा चक्का, वर डाळिंबाचे दाणे. चार तास फ्रीजमध्ये ठेवला की थर बसतात. मग त्याला हात लावायचा नाही. चमचा थेट खाणाऱ्यानेच घालायचा. हा नियम मी गिऱ्हाइकांना झाकणावर चिकटवून देते. नानकटाई रुक्सानाची. तिच्या माहेरची बेकरी आहे, तिचा हात त्यातच तयार झाला आहे.

मी स्वतः सोळा वर्षं एका डेअरीच्या लॅबमध्ये होते. येणाऱ्या दुधाचं फॅट बघायचं, म्हणजे त्यात स्निग्धांश किती ते. आंबटपणा बघायचा. खराब टँकर परत पाठवायचा आणि ड्रायव्हरच्या शिव्या ऐकायच्या. दोन वर्षांपूर्वी सोडलं आणि हे युनिट काढलं. वाढदिवस, डोहाळजेवणं, भिशी अशा ऑर्डरी येत होत्या, पण सलग काम नव्हतं. एका महिन्यात सहा ऑर्डरी, पुढच्या महिन्यात एकच. त्यात जुन्या डेअरीतून निरोप आला होता. लॅबला माणूस पाहिजे, तुम्ही येणार असाल तर सोमवारपर्यंत कळवा. सोमवार म्हणजे दुसऱ्याच दिवशी.

दुसरीकडे कार्यालयाचे मालक बापू. त्यांनी आठ दिवसांपूर्वीच मला स्पष्ट सांगितलं होतं, "हा एक कार्यक्रम बघतो मॅडम. जमलं तर अक्षय्य तृतीयेपासून सगळ्या सीझनचं गोड तुमच्याकडं. न्हाई जमलं तर आमचा गुलाबजामवाला हायेच. गोड बिघडलं की लोक आचाऱ्याला न्हाई, कार्यालयाला नावं ठेवतात."

म्हणजे तीनशे माणसांच्या जेवणावर ठरणार होतं की मी मालकीण राहणार का पुन्हा कुणाच्या तरी लॅबमध्ये उभी राहणार. मला लॅबचा राग नाही. पण एकदा स्वतःच्या दाराला स्वतःचं कुलूप लावायची सवय झाली की अवघड जातं.

साडेदहाला आम्ही पोचलो. थर्माकोलच्या चार मोठ्या पेट्यांत तीनशे वीस कप, खाली-वर बर्फाच्या लाद्या. पाचव्या लहान पेटीत जास्तीचे चाळीस. कुणाच्या हातून पडतो, कुणी दुसरा मागतो, म्हणून मी ते करतेच. शिवाय गोड न खाणाऱ्या पाहुण्यांसाठी एका कॅनमध्ये सहा किलो साधा चक्का, बिनसाखरेचा, फेटलेला. नानकटाईचा डबा. डाळिंबाच्या दाण्यांचे दोन डबे. आणि माझा लॅबमधला थर्मामीटर. तो पर्समध्येच असतो.

चार मोठ्या पेट्या भटारखान्यात उतरवल्या. तिथे दहा-बारा पुरुष उभे होते. खांद्यावर नवे टॉवेल, बाह्या वर केलेल्या. मला वाटलं कार्यालयाची माणसं. नव्हती. ती मुलीची भावकी होती.

आमच्या भागात अजून ही पद्धत आहे. आचारी पैसे देऊन आणतात, पण पंगतीत वाढायला भाडोत्री माणूस चालत नाही. पाहुण्यांना वाढायचं ते घरच्यांनी. त्यांचे म्होरके होते मुलीचे चुलते. सगळे त्यांना तात्या म्हणत. साठीचे, अंगाने सडपातळ, मिशा पांढऱ्या. पंचक्रोशीत कुठेही पंगत असली की वाढपाचा पुढारी तात्याच. हे मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

तात्यांनी एका पेटीचं झाकण उचलून आत पाहिलं.

"मॅडम, ह्ये काय हाय?"

"गोड आहे. प्रत्येकाच्या पानाशेजारी एक कप ठेवायचा. अगदी शेवटी, पंगत बसल्यावर."

"एक?"

"एक."

"म्हंजी दवाखान्यात औषिद देत्यात तसं?"

मागचे सगळे हसले. मीही हसले. तीच चूक झाली. मला वाटलं गंमत चालली आहे. ते गंभीरपणे विचारत होते.

"झाकण काढू नका, आणि पेट्या उघड्या ठेवू नका," मी सांगितलं. "पंगत बसली की मी येते."

रुक्सानाला मी पाचवी पेटी, कॅन आणि डबे आणायला टेम्पोकडे पाठवलं. तेवढ्यात वरून लताताईंचा निरोप आला. कुंकू लावायचंय, या. पाच मिनिटांसाठी गेले. तिथे साडी नेसवणं, फोटो, अंगठ्या, पुन्हा फोटो. मुलाकडच्या एका बाईंनी माझ्याशी शाळेची ओळख काढली. निघाले तेव्हा बारा वाजून गेले होते.

भटारखान्याच्या दारातच मला पहिलं काय दिसलं तर कप. रिकामे. कोपऱ्यात ढीग. झाकणं वेगळी, कप वेगळे, नीट एकात एक घातलेले. कामाची माणसं होती, त्यात शंका नाही.

मधोमध स्टीलच्या चार बादल्या. प्रत्येकीत पळी. तात्या एका बादलीत पळी फिरवत होते, आमटी हलवतात तशी. तळापासून, जोरात.

"या मॅडम!" ते म्हणाले. "तुमची मानसं कमी दिसली. म्हनलं आपुनच करू. दहा जन हुतो, दहा मिन्टात समदे कप फोडले!"

मी बादलीत पाहिलं. पांढरा थर नाही, तळाचा चुरा नाही, वर दाणे नाहीत. फिकट गुलाबी, तपकिरी ठिपक्यांचं काहीतरी. पळीवरून धार पडत होती. चक्क्याची धार पडत नाही. पडली तर तो चक्का राहिलेला नसतो.

"तात्या, हे का केलं?"

"मंग? पाव्हन्याला डबी द्यायची अन् म्होरं जायचं? त्यानं आनखी मागितलं तर? त्यानं नगं म्हनलं तर आमी आग्रेव कसा करायचा? डबीला आग्रेव कसा करत्यात ते तुमीच सांगा."

मी आधी त्यांच्या हातातली पळी थांबवली.

ओरडून काही उपयोग नव्हता. मी थर्मामीटर काढून बादलीत घातला. एकोणीस अंश. सकाळी कप पाच अंशाला होते. बादल्या नुकत्याच गरम पाण्याने धुतलेल्या, वर भट्ट्यांची धग. फेटलेल्या सायीतली हवा पळीने निघून गेली होती आणि उरलेलं उबेने सैल पडलं होतं. पहिली पंगत पाऊण वाजता. हातात जेमतेम अर्धा तास.

तेवढ्यात बापू आत आले. त्यांनी कपांचा ढीग पाहिला, बादल्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, ह्याला बासुंदी म्हनायचं का कढी?"

"अजून ठरायचंय."

"फोन करू का गुलाबजामवाल्याला? नेवाशातनं वीस मिन्टात येईल."

"वीस मिनिटांनी करा. तोपर्यंत मला बर्फ फोडायला दोन माणसं द्या."

ते घड्याळ बघत म्हणाले, "साडेबाराला मी परत बघतो. तवा फोन हातातच असंल माझ्या." आणि दारात जाऊन उभे राहिले.

तेवढ्यात रुक्साना घामाघूम आली. गेटसमोर पाहुण्यांच्या गाड्या अशा लागल्या होत्या की टेम्पोचं मागचं दारच उघडत नव्हतं, आणि तासभर ती त्या गाड्यांचे ड्रायव्हर शोधत होती. शेवटी टेम्पोच्या ड्रायव्हरच्या बाजूने एकेक डबा काढत ती पोचली. तिने बादल्या पाहिल्या आणि खालीच बसली.

"या अल्ला. ताई, हे काय?"

"ऊठ. चाळीस कप आहेत ना?"

"आहेत."

"कॅन?"

"आहे. पण हे कोणी केलं?"

"आमी," तात्या म्हणाले. आता त्यांचा आवाज थोडा उतरला होता. मालकाचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. "मॅडम, आमच्या हातनं काय बिघाड झाला का?"

"झाला. पण दुरुस्त होईल. टॉवेल कंबरेला बांधा."

आता काम सांगते. ज्यांच्या घरी कधी असं काही सैल पडलं त्यांना उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट, थंडावा. चार मोठ्या पेट्यांतला सगळा बर्फ फोडून कार्यालयाच्या चार घंगाळांत घातला. आचाऱ्याकडून खडे मीठ मागितलं आणि बर्फावर सढळ हाताने टाकलं. मीठ पडलं की बर्फ नुसत्या बर्फापेक्षा जास्त गार होतो. हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटमध्ये हेच करतात. बादल्या त्यात रोवल्या. मिठाचं पाणी बादलीत उडता कामा नये, म्हणून काठावर ओले पंचे गुंडाळले.

दुसरी गोष्ट, हलवणं. इथे तात्यांना मी सरळ सांगितलं, "आमटीसारखं नाही. कडेचं सुटं करायचं आणि अलगद मध्ये आणायचं. बस. घोटायचं नाही."

"पोळ्याला बैलाला रंग लावतो तसं," ते म्हणाले. "दाबायचं न्हाई, फिरवायचं."

"तसंच समजा."

चौघे चार बादल्यांशी उकिडवे बसले. हात सवयीचे होते. एकदा सांगितलं की दुसऱ्यांदा सांगायला लागलं नाही.

तिसरी गोष्ट मला तेव्हाच सुचली. मी बोटावर घेऊन चाखलं. वाईट नव्हतं. खरं सांगायचं तर बरंच चांगलं होतं. नानकटाईतलं तूप आणि वेलची सगळीकडे पसरली होती. फक्त गोडी वर आली होती आणि आंबटपणा दबला होता. आणि नानकटाई पाणी पिते. कपात तळाला ती कोरडी राहते, ती कुरकुरीत लागावी म्हणूनच मी ती वेगळ्या थरात घालते. पण इथे ती सगळ्यात मिसळली होती. म्हणजे थोडा वेळ दिला तर तीच हे घट्ट करणार. जी गोष्ट कपात मला नको होती, तीच बादलीत माझ्या कामाची होती.

कॅनमधला साधा चक्का चार बादल्यांत वाटून घातला, अलगद मिसळला. आंबटपणा परत आला.

साडेबाराला थर्मामीटर अकरावर. पळी उचलली. धार पडली नाही. मिश्रण पळीला चिकटून राहिलं, मग एका गोळ्यात खाली पडलं.

बापू दारातून आत आले. फोन हातात होताच. मी चमच्यावर त्यांना दिलं. त्यांनी खाल्लं. फोन खिशात ठेवला.

"पंगतीत बघू," एवढंच म्हणाले.

आता एकच प्रश्न राहिला, आणि तो मोठा होता. कपात माप असतं. ऐंशी ग्रॅम म्हणजे ऐंशी ग्रॅम. बादलीला माप नसतं. माझ्याकडे सगळं मिळून एकतीस-बत्तीस किलो. तीनशे माणसं. माणशी शंभर ग्रॅम बसतं. भावकी आपल्या पद्धतीने आग्रह करत सुटली तर पहिल्याच पंगतीत बादल्या वाजणार, आणि दुसऱ्या पंगतीला मी काय दाखवणार? दुसरी पंगत मुलाकडच्यांची. म्हणजे ज्यांच्यासाठी हे सगळं, त्यांनाच पुरणार नाही.

मी हे तात्यांना आकड्यांत सांगितलं. ते ऐकत होते. मग त्यांनी बादलीतली मोठी पळी काढून बाजूला ठेवली.

"ह्या पळीनं न्हाई जमायचं. ही आमटीची." ते आचाऱ्याकडे वळले. "तुपाच्या पळ्या काढ रं."

तुपाची पळी म्हणजे लांब दांड्याची, पण तोंड लिंबाएवढं. भातावर तूप वाढायला वापरतात. चार मिळाल्या.

"ही घ्यायची," तात्या म्हणाले. "अन् येकदम न्हाई वाढायचं. येक पळी. मानूस खातो. आपुन फिरून येतो. दुसरी. त्यो नगं म्हनतो. आपुन हुभंच राहायचं. तिसरी पडती. मानसाला वाटतं तीनदा वाढलं, पोट भरलं. तुमच्या डबीत जेवढं बसतं तेवढंच गेल्यालं असतं."

मी एक पळी आचाऱ्याच्या वजनकाट्यावर तोलली. तीस ग्रॅमला थोडी कमी. तीन पळ्या म्हणजे माझा कप आणि वर थोडं. सोळा वर्षं मोजमापात घालवलेली बाई मी. हा हिशेब मला सुचायला हवा होता.

"द्रोण कुठे ठेवायचे?" त्यांनी विचारलं. आता ते विचारत होते.

"आमटीच्या वाटीपासून लांब. पानाच्या वरच्या कोपऱ्यात. द्रोण कोरडे पाहिजेत, पाण्याचा थेंब नको. आणि गरम पुरी कुणी द्रोणावर ठेवली तर तिथेच टोका."

"अन् ह्ये दानं?" डाळिंबाच्या डब्यांकडे बोट.

"ते आणि नानकटाईचा चुरा वरून. वाढल्यावर लगेच, आधी नाही. म्हणजे दाताखाली येईल. प्रत्येक वाढप्याच्या मागे एक माणूस परात घेऊन."

"मी फिरते," रुक्साना म्हणाली.

तात्या अडखळले. "पंगतीत वाढपाला आमच्यात बाया न्हाई फिरत."

"मी कुठं वाढते? वाढता तुम्ही. मी नुसती नानकटाई टाकते. माझ्या हातची आहे, ती मला माहीत किती टाकायची." तिने पदर खोचला. "का तुम्ही टाकता चिमटीनं? बोटं बघा तुमची, मूठभर जाईल एका द्रोणात."

मागून कुणीतरी म्हणालं, "तात्या, बोटं लपवा."

तात्यांनी खरंच बोटांकडे पाहिलं आणि मिशीतल्या मिशीत हसले. "चला म्हनावं बाईला. पर म्होरं न्हाई जायचं माज्या."

"तुमच्या पुढं कोण जातंय? तुम्ही पळताय किती ते बघते मी."

पाऊणला पहिली पंगत बसली. दीडशे पानं. मी खांबाशी उभी राहिले. मला कपांची पंगत माहीत होती. कप ठेवला, माणसाने झाकण काढलं, चमचा घातला, दोन मिनिटांत संपला. शांत प्रकार. हा शांत नव्हता.

तात्या बादली डाव्या हातात, पळी उजव्या, अर्धवट वाकून, जवळजवळ धावत. पळी द्रोणावर नेऊन मनगटाला एक झटका द्यायचे. मिश्रण सपाट न पडता वर टोक येऊन बसायचं. तेवढ्याशा पळीने द्रोण भरल्यासारखा दिसायचा. मागून रुक्साना, चुरा आणि चार-पाच लाल दाणे. बाकीच्या तिघांनी तात्यांचं बघून तसाच झटका द्यायला सुरुवात केली. एकाचं द्रोणाबाहेर पडलं, तात्यांनी तिथूनच एक शिवी हासडली. पुढचं बरोबर पडलं.

पहिली फेरी, दुसरी फेरी. एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी द्रोणावर हात ठेवला.

"बास तात्या. डॉक्टरनं गोड बंद केलंय."

"कोन डॉक्टर? हितं हाय का?"

"न्हाई."

"मंग हात काडा."

त्यांनी हात काढला.

मी मध्येच बादल्यांत थर्मामीटर घालून येत होते. बारा, तेरा. फेरी झाली की बादली परत बर्फात, दुसरी बाहेर. एका वेळी दोनच बाहेर, दोघे वाढताना दोघे थांबायचे, हा नियम मी घातला आणि तात्यांनी तो सगळ्यांना शिव्या देऊन पाळायला लावला. पहिली पंगत उठली तेव्हा दोन बादल्यांएवढं संपलं होतं आणि दोन बादल्यांएवढं शिल्लक होतं. अगदी निम्मं. माझ्या आयुष्यात माझा अंदाज इतका बरोबर कधी आला नव्हता. आणि तो माझा नव्हताच.

दुसरी पंगत मुलाकडच्यांची. माणसं पुण्याकडची. त्यांना द्रोण आणि पळी बघून आधी थोडं नवल वाटलं. तात्यांनी पहिली पळी नवऱ्या मुलाच्या आत्यांच्या द्रोणात टाकली. त्यांनी खाल्लं, थांबल्या, पुन्हा खाल्लं.

"हे काय आहे हो? श्रीखंड नाही हे."

"न्हाई."

"मग रबडी?"

"न्हाई."

"मग काय म्हणतात याला?"

तात्यांनी खांबाकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं. माझ्या पाटीवर त्याला चक्का कप म्हणतात, आणि तिथे कप नव्हता.

"ह्याला नाव न्हाई," तात्या म्हणाले. "आमच्या मॅडमनी ह्या पोरीच्या साखरपुड्यासाठी केलंय. पयल्यांदाच. घ्या, आनखी येक."

आत्यांनी आणखी एक घेतली. मग आणखी एक. मग त्यांनी शेजारणीच्या द्रोणाकडे बोट दाखवून तिला वाढायला लावलं. लताताई पंगतीच्या टोकाला उभ्या होत्या. त्यांना कपांचं काय झालं ते अजून माहीत नव्हतं. त्यांनी मला लांबून खूण केली, हे काय? मी खुणेनेच सांगितलं, नंतर.

पंगत संपली तेव्हा शेवटच्या बादलीच्या तळाला भावकी, आचारी आणि आम्हाला पुरेल एवढं उरलं होतं. तात्यांनी सगळ्यात शेवटी घेतलं. त्यांनी तोपर्यंत चाखलंही नव्हतं. वाढपी आधी खात नाही.

"बरं हाय," ते म्हणाले. मग द्रोण बोटाने पुसून, "लई बरं हाय."

बापू हात धुऊन आले.

"मॅडम, सीझन तुमचा. तृतीयेपासनं. पर माझी येक अट हाय. डब्या न्हाई आनायच्या. बादलीत आना."

"कप आणणार," मी म्हणाले.

तात्यांनी डोळे मोठे केले.

"पण पंगतीत नाही. थांबा जरा, दाखवते."

पाचव्या पेटीतले चाळीस कप शाबूत होते. पाच अंशाला, थर जागच्या जागी. आमच्याकडे पाहुणे निघताना त्यांच्या हातात काहीतरी द्यायची रीत आहे. शेंगा, हुरडा, ऊस, जे घरचं असेल ते चवीपुरतं. वानवळा म्हणतात त्याला. मुलाकडच्या घरांची यादी लताताईंकडे होती. अडतीस घरं. गाड्या निघायच्या वेळी मी आणि रुक्साना दारात उभे राहिलो आणि प्रत्येक घराला एक कप दिला, बर्फाच्या तुकड्यासकट पिशवीत घालून. झाकणावर लिहिलेलं होतंच, हात लावू नका, चमचा घाला.

आत्याबाईंनी कप उन्हात धरून बघितला. तळाचा चुरा, पांढरा थर, वर डाळिंब.

"अगं बाई, हे तर वेगळंच दिसतंय. पंगतीत होतं तेच का?"

"तेच," मी म्हणाले. "फक्त तात्या लागलेले नाहीत त्याला."

तात्या शेजारीच होते. त्यांनी ऐकलं आणि सगळ्यांत मोठ्याने तेच हसले.

आता शिकण्यासारखं काय, ते. पदार्थ करणं निम्मं काम. उरलेलं निम्मं तो माणसापर्यंत कसा जातो यात असतं, आणि ते काम ज्याचं असतं त्याला आधी विचारायचं. घरी चारजण असतील तर कप करा, फ्रीजमधून थेट हातात द्या. पंगत असेल तर बादली, तुपाची पळी, कोरडे द्रोण आणि चुरा अगदी शेवटी. पाहुणे निघत असतील तर पुन्हा कप. आणि वाढणाऱ्यांसमोर पेट्या ठेवून वर फोटो काढायला जायचं नाही.

सोमवारी सकाळी साडेनऊला मी डेअरीत फोन केला. येत नाही, म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. सीझन मिळालाय, मी म्हणाले. मग श्रीरामपूरला भांड्याच्या दुकानात गेले आणि तुपाच्या बारा पळ्या घेतल्या. दुकानदाराने विचारलं, इतकं तूप कुठे वाढणार आहात? मी त्याला एकेक पळी वजनकाट्यावर ठेवायला लावली, रिकामी आणि मग पाण्याने भरलेली. बारा वेळा. दोन पळ्या मोठ्या निघाल्या. त्या परत केल्या.